रांग, पाळी आणि मान : संगणकावरील कामांच्या क्रमव्यवस्थेचा इतिहास

प्रस्तुत लेखाचा विषय इतिहासाच्या अभ्यासकास प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. संगणकावर नेमून दिलेली कामे कोणत्या क्रमाने चालावीत, कोणास यंत्र आधी द्यावे आणि कोणास थांबवावे, हे ठरविणारी जी व्यवस्था असते तिचा हा विचार आहे. संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा विषय एखाद्या प्रकरणापुरता येतो व तेथे तो केवळ गणिताचा म्हणून मांडिला जातो. सरासरी प्रतीक्षा किती, यंत्र किती वेळ रिकामे राहिले, एवढेच तेथे पाहिले जाते. हे गणित खोटे आहे असे नव्हे. परंतु कोणाची प्रतीक्षा खुपावी आणि कोणाची खपवून घ्यावी, हा निर्णय त्या गणिताला हात घालण्यापूर्वीच झालेला असतो. तो माणसांनी केलेला असतो, आणि म्हणूनच त्याला इतिहास आहे.

या बाबतीत मराठी भाषा आपल्या मदतीस येते. आपल्याकडे तीन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'रांग' म्हणजे जो आधी आला तो आधी. तेथे उभे राहणे हेच भांडवल. 'पाळी' म्हणजे ठरल्या वेळी हक्काने येणारा क्रम; ज्याची पाळी आहे त्याला ताटकळावे लागत नाही, मात्र ती चुकली तर पुढच्या फेऱ्यापर्यंत थांबावे लागते. 'मान' म्हणजे उशिरा येऊनही पुढे जाण्याचा अधिकार. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत संगणकावरील कामांची जी जी व्यवस्था झाली ती या तिहींच्या निरनिराळ्या मिश्रणाने झाली, असे आमचे प्रतिपादन आहे.

लवळे हे मुळशी तालुक्यातील गाव पुण्याच्या पश्चिमेस मुळेच्या खोऱ्यात आहे. सिंबायोसिस आंतरराष्ट्रीय विद्यापीठाचा टेकडीवरील परिसर या गावात आहे; फ्लेम विद्यापीठही याच गावात आहे. तेथील विद्यार्थी पहिल्या-दुसऱ्या वर्षात कामांच्या रांगा लावण्यास शिकतात तेव्हा तो विषय त्यांना सर्वस्वी नवा व यंत्रयुगाचा वाटतो. परंतु ज्या खोऱ्यात ते राहतात त्याच खोऱ्याच्या वरच्या अंगास हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी फार कडवटपणे विचारला गेला होता. टाटा कंपनीच्या धरणाने मुळेचे पाणी अडवून ते पश्चिमेस भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळवावयाचे आणि मुंबईला वीज पुरवावयाची, की मावळातील शेतकऱ्याची भातखाचरे राखावयाची, यावरून १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. धरण झाले. पाण्याच्या उपयोगांत कोणता उपयोग आधी, या प्रश्नाचे उत्तर तेथे मानाने दिले गेले, पाळीने नव्हे.

पाळीचे उदाहरण पाहावयाचे तर ते दक्षिण महाराष्ट्राच्या व देशाच्या कालव्यांवर पाहावे. तेथील शेजपाळीची पद्धत ही क्रमव्यवस्थेचा उत्तम नमुना होय. हंगामाच्या आरंभी पाण्याच्या मागणीचे अर्ज घ्यावयाचे, उपलब्ध पाणी पाहून ते मंजूर करावयाचे, आणि मग चारीवरील प्रत्येक शेताला कोणत्या दिवशी किती तास पाणी मिळावयाचे याचे पत्रक तयार करावयाचे. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पाणी देण्यास चारीच्या शेवटच्या टोकापासून प्रारंभ करून वर येत जावे असा नियम आहे. याचे कारण उघड आहे. वरच्यास आधी दिले तर खालच्यापर्यंत पाणी पोहोचतच नाही. हा नियम प्रत्यक्षात कितपत पाळला जातो हे पाटकऱ्याला न विचारता टोकाच्या शेतकऱ्याला विचारावे. तथापि दुर्बळाची उपासमार होऊ नये म्हणून क्रमच उलटा लावावा, ही कल्पना संगणकशास्त्राने पुढे मोठ्या प्रयासाने शोधून काढली, एवढे येथे नमूद करून ठेवू.

आता यंत्रांकडे वळू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीचा संगणक तयार झाला. त्याची प्रायोगिक आवृत्ती १९५६ मध्ये चालू झाली, पूर्ण यंत्र १९६० मध्ये कामास लागले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याची स्मृती प्रारंभी अवघी १०२४ शब्दांची होती. अशा यंत्रावर कामांची रांग यंत्राच्या आत नसे, ती दाराबाहेर असे. ज्याच्या वाट्यास जो तास आला त्या तासापुरते यंत्र त्याचे. तो छिद्रांकित फीत घेऊन येई, यंत्रापाशी बसे, चूक झाली तर तेथल्या तेथे दुरुस्त करी. माणूस विचार करीत बसला असता यंत्र स्वस्थ राही. आणि याविषयी कोणास वाईट वाटत असले तरी दुसरा मार्ग नव्हता.

१९६४ मध्ये त्याच संस्थेत कंट्रोल डेटा कंपनीचा ३६०० हा संगणक अमेरिकी साहाय्याने आला आणि ही रीत पालटली. हे यंत्र एका संस्थेचे नव्हते. देशभरच्या विद्यापीठांची व प्रयोगशाळांची कामे त्यावर होत. त्याची स्मृती सुमारे ३२,००० शब्दांची. जोडीला १६०-ए हे लहान यंत्र होते. कार्डे वाचणे, छापणे असली सावकाश चालणारी कामे लहान यंत्राकडे देऊन मोठ्या यंत्राचा वेळ वाचवावयाचा, ही त्यामागील योजना. संशोधक आता यंत्राजवळ जात नसे. तो कार्डांचा गठ्ठा खिडकीपाशी देई. गठ्ठ्यातील पहिले कार्ड महत्त्वाचे. त्यावर कामाचे नाव, हिशेबाचा क्रमांक आणि जास्तीत जास्त किती मिनिटे लागतील ते लिहिलेले असे. ही मर्यादा उलटली की यंत्र ते काम मध्येच बंद करी. निकाल छापील कागदाच्या रूपाने परत येई, आणि कित्येकदा एवढाच येई की अमुक ओळीत स्वल्पविराम राहिला आहे. मुंबईबाहेरच्या संशोधकाला गठ्ठा घेऊन जावे लागे किंवा पाठवावा लागे. एका स्वल्पविरामाची किंमत अशा वेळी काही दिवसांची होई.

या बदलाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. टिफ्रॅकपाशी यंत्र माणसासाठी थांबत होते. ३६०० पाशी माणूस यंत्रासाठी थांबू लागला. यंत्राचा तास महाग व संशोधकाचा दिवस स्वस्त, हे समीकरण त्या खिडकीपाशी कोणी फलकावर लिहिलेले नव्हते. पण सारी व्यवस्था त्यावर उभी होती. जगात सर्वत्र तेच चालले होते. जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपन्यांनी १९५६ साली आयबीएम ७०४ या यंत्रासाठी एकामागून एक कामे आपोआप चालविणारी प्रणाली केली, तीही हेच समीकरण गृहीत धरून.

त्याविरुद्ध पहिला मोठा आक्षेप कृतीने घेतला तो मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील फर्नांडो कॉर्बाटो यांनी. १९६१ मध्ये त्यांनी एकाच यंत्राचा वेळ अनेक माणसांत क्षणाक्षणाने वाटून दाखविला. त्यांचा नियम असा : आलेल्या कामाला थोडा वेळ द्यावा, तेवढ्यात संपले तर उत्तम, न संपले तर त्याला खालच्या पायरीवर ढकलावे. तेथे पाळी उशिरा येते पण आली की अधिक वेळ मिळतो. लहान कामाला यामुळे मान मिळाला. परंतु लहान कामे येतच राहिली तर तळाच्या पायरीवरील काम कधी चालणार? याविषयी संगणकशास्त्रज्ञांत एक दंतकथा सांगितली जाते. त्या संस्थेतील जुने यंत्र १९७३ मध्ये बंद केले तेव्हा १९६७ साली दिलेले एक काम अद्याप आपल्या पाळीची वाट पाहत पडलेले आढळले म्हणे. कथा खरी असो वा नसो, ती आजही सांगितली जाते ती तीत तथ्य वाटते म्हणूनच. यावर उपाय निघाला तो असा की, काम जसजसे थांबत जाईल तसतसा त्याचा मान वाढवीत जावा. पुढे १९८८ मध्ये सिडनी विद्यापीठातील ज्युडी के व पियर्स लॉडर यांनी आणखी एक पाऊल टाकले. कोणी आजवर किती यंत्र वापरले याचा हिशेब ठेवावा, जुना वापर हळूहळू विसरत जावा, आणि ज्याने आपल्या वाट्यापेक्षा कमी घेतले त्यास आधी सोडावे, असा त्यांचा नियम. शेजपाळीचे पत्रक करणाऱ्यास यात नवल वाटले नसते.

याच सुमारास आपल्या देशात मानाचा प्रश्न निराळ्याच रूपाने उभा राहिला. १९८७ च्या आसपास भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवे असलेले अधिक बलवान यंत्र नाकारले गेले. दिल्लीत हवामानाच्या अंदाजासाठी त्याहून लहान यंत्र मिळाले, आणि तेही हवामानाखेरीज अन्य कामास लावू नये या अटीवर. क्रमव्यवस्थेच्या इतिहासात या अटीस विशेष स्थान दिले पाहिजे. एरवी रांगेत कोणास घ्यावे हे केंद्राचा प्रमुख ठरवितो. येथे ते दोन सरकारांच्या वाटाघाटींत ठरले. यंत्र आपल्या भूमीवर, पण दाराशी कोणते काम उभे राहू शकते हे दुसऱ्याच्या हाती.

पुण्यात १९८८ साली प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले ते या पार्श्वभूमीवर. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्याची घडण निराळी होती. एकच बलाढ्य गणक असण्याऐवजी 'ट्रान्सप्यूटर' नावाचे अनेक लहान गणक एकत्र जोडून तो केला होता. या घडणीमुळे रांगेचे स्वरूपच बदलते. समजा चौसष्ट गणकांपैकी चाळीस एका कामात गुंतले आहेत आणि रांगेच्या अग्रभागी असलेल्या कामाला बत्तीस हवेत. उरलेले चोवीस त्यास पुरत नाहीत. मग ते चोवीस रिकामे ठेवावयाचे काय? मागे उभ्या असलेल्या लहान कामाला ते द्यावेत तर लहान कामांचा ओघ चालूच राहील व मोठ्या कामाची पाळी येणारच नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत यावर जी तोड निघाली ती आज सर्वत्र रूढ आहे. पुढच्या मोठ्या कामाची वेळ आधी मुक्रर करून ठेवावयाची, आणि तोवर निश्चित संपेल अशाच लहान कामाला मधल्या मोकळ्या जागेत शिरू द्यावयाचे. नळावर मोठे पिंप लावलेला माणूस बादली रिकामी करून येईतो शेजारणीने तांब्या भरून घ्यावा, तसे हे आहे. मात्र तांब्या खरोखर तांब्याच असला पाहिजे. या व्यवस्थेचा सारा डोलारा वापरकर्त्याने आपल्या कामास किती वेळ लागेल ते खरे सांगण्यावर उभा आहे. आणि निरनिराळ्या केंद्रांच्या नोंदी तपासता असे आढळते की, मध्येच बंद पडण्याच्या भीतीने लोक प्रत्यक्षाहून पुष्कळ अधिक वेळ लिहितात. ३६०० च्या पहिल्या कार्डावरील ती मिनिटांची मर्यादा अशी आजही जिवंत आहे.

येथवर रांग व मान यांचा विचार झाला. शुद्ध पाळीचे यंत्र म्हणजे 'क्रॉन'. बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स प्रणालीच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत तो दर मिनिटाला जागा होऊन एक यादी वाचीत असे आणि त्या मिनिटाचे काम सुरू करून देई. पुढे प्रत्येक वापरकर्त्यास स्वतःची यादी ठेवता येऊ लागली. पॉल व्हिक्सी यांची १९८७ ची आवृत्ती फार दूरवर पसरली. यादीतील प्रत्येक ओळीत काळाचे पाच रकाने असतात : मिनिट, तास, महिन्याचा दिवस, महिना आणि वार. वाचकांस पंचांगाची आठवण होईल, पण सावध राहिले पाहिजे. आपली अंगारकी येते ती संकष्टी आणि मंगळवार दोन्ही जुळून आले म्हणजे. क्रॉनच्या ओळीत तेरावा दिवस व मंगळवार असे दोन्ही लिहिले तर काम प्रत्येक तेरा तारखेस आणि शिवाय प्रत्येक मंगळवारी चालते. या एका नियमाने कित्येक नवशिक्यांची फजिती केली आहे.

क्रॉनचे खरे वैगुण्य मात्र निराळे आहे. त्याला पाळी कळते, रांग कळत नाही. कालचे काम संपले आहे की नाही याची चौकशी न करता तो आजचे सुरू करतो. यंत्र त्या मिनिटाला बंद असेल तर ती पाळी बुडाली, नंतर आठवण करणारा कोणी नाही. आणि माणसांचा स्वभाव असा की प्रत्येकजण मध्यरात्रीची बाराची वेळ घालतो, त्यामुळे दिवसभर निवांत असलेल्या यंत्रावर ठोक्यासरशी सगळे तुटून पडतात. म्हणून जाणत्या केंद्रांत आता क्रॉनकडून प्रत्यक्ष काम करवून घेत नाहीत. तो केवळ काम रांगेत नेऊन उभे करतो. एका प्रकारची किती कामे एका वेळी चालू द्यावीत, पहिले अपुरे असता दुसरे सोडावे की टाळावे, फसलेले काम किती वेळा पुन्हा करावे, हे रांगेच्या व्यवस्थेत ठरविलेले असते. पैशाच्या व्यवहारातही हेच तत्त्व दिसते. बँकांतील एनईएफटीचे व्यवहार १६ डिसेंबर २०१९ पासून अहोरात्र चालू झाले, तरी ते एकेक करून जात नाहीत. दर अर्ध्या तासास एक अशा दिवसाच्या ४८ तुकड्यांनी जातात. पाठविणाऱ्यास ते तत्काळ वाटते, आत मात्र पाळी आहे.

या तिन्ही तत्त्वांचा संगम पाहावयाचा तर लवळ्याहून पाषाणला यावे. तेथील भारतीय उष्णप्रदेशीय हवामानविज्ञान संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये 'प्रत्यूष' हा ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा आणि सप्टेंबर २०२४ मध्ये 'अर्क' हा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक कार्यान्वित झाला. हवामानाच्या निरीक्षणाचा जागतिक तास ग्रिनिचच्या शून्य वाजताचा, म्हणजे आपल्या पहाटेच्या साडेपाचचा. दुसरा सायंकाळच्या साडेपाचचा. या तासांच्या निरीक्षणांवरून अंदाज काढावयाचा तो ठराविक मुदतीत हाती आला पाहिजे. उद्याच्या पावसाचा अंदाज परवा मिळून उपयोग नाही. संशोधकाचे मागील शंभर वर्षांच्या मोसमी वाऱ्यांचे गणित मात्र आज झाले काय आणि चार दिवसांनी झाले काय, यंत्राच्या दृष्टीने सारखेच. म्हणून अशा केंद्रांत दैनंदिन अंदाजाच्या कामाला गणक राखून ठेवतात किंवा ते आले की इतरांस बाजूस सारतात. पाळी घड्याळाने ठरते, मान त्या पाळीला चिकटतो, आणि उरलेल्यांची रांग होते. (घड्याळाचीही एक मेख आहे. यंत्राचे घड्याळ ग्रिनिचवर असेल आणि यादीत साडेपाच लिहिले, तर काम आपल्याकडे अकरा वाजता सुरू होईल.)

पुणेकरास या व्यवस्थेचे मर्म समजावून सांगावे लागू नये. विसर्जनाच्या मिरवणुकीत कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे पाच मानाचे गणपती आधी. बाकीच्यांनी मागून यावयाचे. हा मान कोणास खटकत नाही. परंतु मिरवणूक अलीकडच्या वर्षांत सुमारे तीस तास चालते, तिचे कारण केवळ मान हे नव्हे. पुढचा थांबला की मागचे सगळे थांबतात आणि वाटेत शिरण्यास जागा नसते, हे त्याचे कारण. एका संथ कामाच्या मागे सारी रांग अडकून पडते, हा दोष संगणकाच्या रांगेतही तंतोतंत आढळतो. मानाचा क्रम कायम ठेवून हा दोष कमी करता येतो. त्यासाठी प्रत्येकाला वेळेची मर्यादा घालावी लागते. घालणारा मात्र हवा.

२०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियान सुरू झाले. त्याखाली २०१९ साली पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' बसला; २०२४ मध्ये नारायणगावजवळील मोठ्या रेडिओ दुर्बिणीसाठी 'परम रुद्र' आला. या यंत्रांच्या क्षमतेचे आकडे वृत्तपत्रांत येतात. परंतु ज्या विद्यार्थ्याच्या महाविद्यालयात असे यंत्र नाही त्याच्या दृष्टीने पेटाफ्लॉपपेक्षा दुसरा आकडा मोलाचा आहे : आपल्या खात्याला रांगेत वजन किती? हे वजन व्यवस्थापकाच्या एका लहानशा फायलीत लिहिलेले असते. 'स्लर्म' वा 'पीबीएस' या प्रणालींत ती फाईल काही पानांची असते. कोणत्या रांगेत जास्तीत जास्त किती तास, कोणत्या गटाचा वाटा किती, जुना वापर किती दिवसांत अर्धा विसरावयाचा, हे सारे तीत असते. प्रबंध वेळेवर पुरा होणे न होणे त्यावर अवलंबून राहते. आणि ती बदलली की जुनी पुसली जाते.

पेशवे दफ्तरात कोणत्या वर्षी कोणास किती नेमणूक होती ते दोनशेहून अधिक वर्षांनी वाचता येते. पाच वर्षांपूर्वी एखाद्या केंद्रात कोणत्या विभागाचे वजन किती होते हे मात्र सांगता येऊ नये, ही स्थिती योग्य नव्हे. काम कधी आले, कधी सुरू झाले, कधी संपले, किती वेळ मागितला होता व कोणत्या खात्यावर पडला, या पाच गोष्टी प्रत्येक रांगव्यवस्था आपणहून नोंदवीत असते. ही नोंद आणि त्या त्या वेळची मांडणीची फाईल, व्यक्तींची नावे गाळून, वर्षाच्या अखेरीस विद्यापीठाच्या अभिलेखागारात द्यावी, अशी सूचना आम्ही करतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हा विषय प्रबंधासाठी घेणार असेल तर त्याने एकाच यंत्राच्या एका वर्षाच्या नोंदींपासून आरंभ करावा. येण्याची वेळ व सुरू होण्याची वेळ यांतील अंतर खात्यांप्रमाणे मांडावे, आणि परीक्षांच्या व प्रबंध सादर करण्याच्या महिन्यांत ते कोणासाठी वाढते हे आधी पाहावे.